वाचक विचारतात : शेत विकून सिनेमा काढू का?

प्रश्न : आप्पा, मी अमळनेरकडे लग्नाचं शूटिंग करतो. अहिराणीत सिनेमा काढायचाय. दोन एकर विकली तर पैसा उभा राहील. मागच्या अंकात तुम्ही जॉन सेल्स या अमेरिकन दिग्दर्शकाचं नाव घेतलं होतं. त्यानं पैसा कुठून आणला?

उत्तर : भाऊ, जमिनीला हात लावू नको. आधी हे, मग सेल्स.

सेल्सनं विकलं ते लेखन. रॉजर कॉर्मन हा कमी पैशात झटपट सिनेमे काढणारा निर्माता. त्याच्यासाठी सेल्सनं १९७८चा ‘पिरान्हा’ लिहिला. माणसं खाणारे मासे! मला तरी त्यात कमीपणा दिसत नाही. तूही हळदीचा नाच शूट करतोसच की. अशा कमाईतून त्यानं पहिला सिनेमा केला, ‘रिटर्न ऑफ द सिकॉकस सेव्हन’. खर्च सुमारे ६० हजार डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चहापाणी.

खरी हुशारी पटकथेत आहे. नाटकातले मित्र हाताशी होते, बहुतेक तिशीच्या आसपासचे. म्हणून गोष्टही तिशीतल्या जुन्या मित्रांची, सुट्टीत एका घरी जमलेल्या. न्यू हॅम्पशायरमध्ये घर भाड्यानं घेतलं. मंडळी राहायला तिथंच, शूटिंगही तिथंच. कॅमेरा नाचवायला पैसे नव्हते, म्हणून पात्रं भरपूर, बोलणं भरपूर. संकलन स्वतःच केलं.

आता तुझ्याकडे बघ. थंडीत पुण्या-सुरतेहून पोरं गावी येतात, शेतात भरीत पार्टी होते. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी, एक जण लसूण सोलतोय, दुसरा बडगीत ठेचतोय, आणि मध्येच कुणीतरी वाटणीचा विषय काढतो. एक रात्र, सात-आठ जण. शेत विकतोस कशाला, तिथंच शूटिंग कर! पैसा घालायचा तर आवाजावर घाल. शेतीची लाईट रात्रीची असली तर शेजारच्या विहिरीवरची मोटर सगळे संवाद खाईल. त्या शेतकऱ्याशी आधीच बोलून ठेव, त्यालाही जेवायला बोलाव.

पुढचं विचारशील तर सेल्सचा रस्ता सरळ नव्हता. १९८३ला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, त्यातला पैसा त्यानं ‘द ब्रदर फ्रॉम अनदर प्लॅनेट’मध्ये घातला. कोळसा खाणकामगारांच्या १९२०च्या लढ्यावरचा ‘मेटवान’ मात्र पैशावाचून रखडला, तो १९८७ला आला. ‘पॅशन फिश’ आणि ‘लोन स्टार’च्या पटकथांना ऑस्करची नामांकनं मिळाली, तरी दुसऱ्यांसाठी लिहिणं चालूच राहिलं. २०१३च्या ‘गो फॉर सिस्टर्स’नंतर तो कादंबऱ्यांत जास्त रमलाय. नाव झालं म्हणून पैसा दारात येत नाही, तिकडेही.

तेव्हा लग्नाच्या ऑर्डरी सोडू नको. पटकथा झाली की पाठव. अहिराणीतच लिही, मला वाचता येते.