आगीबद्दल सांगितलं तर मूल आणखी घाबरेल का?

"मॅडम, मी घरात आगीचा विषयच बंद केलाय. आधीच घाबरलाय, त्यात आणखी काय सांगू?" वर्तकनगरहून आलेल्या आईचा हा प्रश्न. पालक मला तो नेहमी विचारतात. सहा वर्षांचा मुलगा शेजारी बसून तिच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होता.

पुऱ्या तळताना त्यांच्याकडे कढईतलं तेल पेटलं होतं. आजींनी पाणी न ओतता गॅस बंद केला आणि वर मोठं झाकण सरकवलं. फार शहाणपणाचं काम. पाणी पडलं असतं तर पेटतं तेल उडालं असतं. पण धूर निवळल्यावर मुलगा सापडेना. शेवटी दिवाणाखाली गोधड्यांच्या मागे मिळाला. हाका ऐकू येत असूनही त्याने ओ दिली नव्हती. तेव्हापासून लायटरचा आवाज आला तरी रडायचा.

चित्र काढता काढता मी विचारलं, "लपलास का रे?"

"आई मारेल म्हणून."

दिवाळीत काडेपेटीशी खेळताना त्याला मार बसला होता. आग म्हणजे आपलीच चूक, हे त्याच्या मनात तेव्हाच पक्कं झालं. आई हे ऐकून रडली. तिचा दोष नव्हता, धास्तीपोटी हात उठतो. पण भेदरलेली मुलं अशीच पलंगाखाली, कपाटात लपतात आणि धुरात ती शोधणाऱ्यांना दिसत नाहीत. म्हणून मी आईला त्याच्यासमोरच म्हणायला लावलं, "आग कुणाच्याही हातून लागो, तू बाहेर ये. मी रागावणार नाही."

मग घरीच सराव ठरवला. आजींचा विरोध होता, तिन्हीसांजेला असलं अभद्र बोलू नये म्हणून. सकाळी करायचं ठरल्यावर त्या तयार झाल्या, एवढंच नाही तर चादरीचं एक टोक त्यांनीच धरलं. दुसरं आईने. चादर म्हणजे धूर. धूर वर चढतो, श्वास घेण्याजोगी हवा खाली राहते, म्हणून पोराने तिच्याखालून रांगत दारापर्यंत जायचं. बंद दाराला आधी हाताची मागची बाजू लावायची, गरम लागलं तर उघडायचं नाही. लिफ्ट नाही, जिना. खाली वॉचमनच्या केबिनपाशी थांबायचं, खेळणं आणायलासुद्धा परत वर यायचं नाही. १०१ नंबर आणि स्वतःचा पत्ता त्याने दोन दिवसांत पाठ केला.

तिसऱ्या भेटीत तो आईच्या आधी बोलला, "मॅडम, आमच्या दाराची वरची कडी मला पोचतच नाही!"

मोठ्यांपैकी कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. आता रात्री ते फक्त खालची कडी लावतात. ती त्याने मला खुर्चीच्या पाठीवर उघडून दाखवली, डोळे मिटून.