पणजोबांचं आडनाव प्रत्येक कागदावर वेगळं आहे. माणूस एकच, हे कसं ठरवायचं?

तुम्ही लिहिलंय की पणजोबा सिन्नर तालुक्यातले, मुलाच्या शाळेच्या रजिस्टरात आडनाव शिरसाठ, सातबाऱ्यावर सिरसाट, आणि मृत्यूची म्हणून जी नोंद सापडली तिच्यात आडनावच नाही. हे तिघं एकच का, आणि नसतील तर खरे पणजोबा कोणते, असा तुमचा प्रश्न आहे.

मी याच वाटेने गेलोय. आमचं आडनाव वाघचौरे, पण कागदावर वाकचौरे, वागचवरे, एके ठिकाणी नुसतं चौरे. तेव्हा आधी एकच सांगतो: सुरुवातीला आडनाव बाजूला ठेवा. वडिलांचं नाव, गाव, भाऊ, बायको आणि जमिनीचा नंबर, एवढं धरून शोधा.

त्या काळी गावात आडनावाने कोण कुणाला ओळखत होतं? कागदावर ‘रखमा वलद तुका’ आणि पुढे मौजे अमुक, इतकं पुरायचं. वलद म्हणजे अमक्याचा मुलगा. कुठे ‘बिन’ही दिसेल. आडनाव विचारलं जायचं ते बहुधा शाळेत नाव घालताना, आणि मास्तर कानावर पडलं तसं लिहायचे. त्यात कागद मोडी लिपीत असेल तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्द सुटे तोडलेले नसतात, एक शब्द संपून दुसरा कुठे लागला ते वाचणाऱ्याने ठरवायचं. कुणी नोकरीला लागला असेल तर नाव इंग्रजीत गेलं आणि परत मराठीत आलं. तिथे ट आणि त एकाच अक्षराने लिहितात, ठ-थचंही तेच. शिरसाठचा उद्या शिरसाथ झालेला दिसला तर दचकू नका.

आता मृत्यूच्या नोंदीबद्दल. ती कोतवार बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत (गाव नमुना १४) असेल, आणि तिथे आडनाव नसणं अगदी नेहमीचं आहे. आमच्या पणजोबांबद्दल घरात एवढंच माहीत होतं की ‘तापाच्या साथीत, दिवाळीच्या तोंडावर गेले’. साल कुणालाच सांगता येईना. पण आत्याने एक गोष्ट सहज बोलून दाखवली, की आपल्याकडे पितर दशमीला घालतात. पितृपंधरवड्यातली तिथी ही माणूस गेला त्या तिथीवरून ठरते, महिना कुठलाही असो. त्यामुळे तिथी हातात आली. तापाची मोठी साथ १९१८ ची, दिवाळीच्या तोंडावर म्हणजे आश्विन वद्य, त्यातली दशमी. जुन्या पंचांगाप्रमाणे ती ऑक्टोबरअखेर येते. तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्या आठवड्याची पानं काढून घेतली. एका पानावर खालून तिसरी ओळ, ‘रखमा वलद तुका’, कारणाच्या रकान्यात ‘ताप’. वरच्या आणि खालच्या ओळीतही तेच कारण. आडनाव एकाच्याही पुढे नव्हतं.

ही नोंद मिळायच्या आधी मात्र मी दोन वर्षं भलत्याच रखमाजीमागे फिरत होतो. गाव तेच, नाव तेच, आणि आडनाव अगदी आम्ही लिहितो तसंच, वाघचौरे. मी खूश. त्याच्या बापाचं नाव बाळाजी, तेही घरात कुणाला खोडून काढता येईना. वडिलांचे दिवस करायला पंचवटीत गेलो तेव्हा रामकुंडावर गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि बासनातून आमच्या घराण्याची वही काढली, पिढ्यापिढ्यांची नावं लिहिलेली. मी ऐटीत लेख लिहून दिला: वडील, आजोबा, पणजोबा रखमाजी, खापरपणजोबा बाळाजी. खाली सही.

वर्षभराने तलाठ्याकडच्या जुन्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदवहीत, १९१९ ची वारस नोंद निघाली. ‘रखमा वलद तुका वाकचौरे मयत’, वारस म्हणून आमच्या आजोबांचं नाव आणि पणजीचंही नाव. माणूस आमचाच, पण आडनावात घ चा क झालेला. सरळ लिहिलेलं आडनाव भलत्याचं आणि चुकीचं आमचं! वारस नोंदीत बायको-मुलं एकत्र येतात, म्हणून माझ्या मते कुठल्याही एका कागदापेक्षा ती भारी. तुमच्याकडे आज गट नंबर असेल. जमिनींच्या एकत्रीकरणाआधी तिथे सर्व्हे नंबर होते, तेव्हा भूमी अभिलेख कार्यालयात जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घालणारा उतारा मागा, मग त्या सर्व्हे नंबरावरून फेरफार मागे मागे काढत जा. काही जुने कागद स्कॅन होऊन ऑनलाइनही आलेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा बरीच जुनी दफ्तरं उघडली गेली, मोडी वाचणारेही बसवले होते. तुमच्या गावची पानं त्यात असतील तर अर्धं काम झालं.

सालांचा घोळ होईल. शके दिसलं तर ७८ मिळवा, फसली (महसुली सन) असेल तर ५९०. आणि नाशिक हा वेगळा जिल्हा १८६९ साली झाला. त्याआधीचं सिन्नरकडचं काही हवं असेल तर नगरच्या कागदांत बघावं लागेल.

वारस नोंदीनंतर पुन्हा पंचवटी गाठली. या वेळी गुरुजींना म्हटलं, आडनाव सोडा, गावाखाली जेवढे लेख आहेत तेवढे दाखवा. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण दाखवले. दुपार गेली. आणि एका पानावर आडनाव ‘सिन्नरकर’, हल्ली मुक्काम नाशिक, वडील तुका, थोरले बंधू रखमा. म्हणजे पणजोबांचा धाकटा भाऊ नाशकात येऊन राहिला आणि गावावरून सिन्नरकर झाला. तीन पिढ्या आम्ही एकाच शहरात, आणि एकमेकांना पत्ता नाही. तेव्हा तुमच्या शोधात ‘-कर’वाले भाऊबंदही धरा.

माझा जुना लेख खोडून द्या म्हणालो तर गुरुजी म्हणाले, “वहीत खोडायचं नसतं. खाली तारीख घालून दुसरा लिहा.” बाळाजी अजून तिथेच आहेत, खाली तुका.

तिन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र करावं का, हेही तुम्ही विचारलंय. जमिनीच्या वारसाचं काम अडलं असेल तर वकिलाला विचारून करा. नुसती वंशावळ लावायची असेल तर त्याची गरज नाही.

तुमच्या घरी त्यांचे पितर कोणत्या तिथीला घालतात, ते मोठ्या कुणाला तरी विचारा आणि इथे लिहा. मृत्यूची ती बिनआडनावाची नोंद ज्या तारखेची आहे, तीही द्या. दोन्ही ताडून बघू.