साइटवर सूचनांचा ढीग पडलाय, आधी काय सुधारायचं?
सोलापूरकरांनी मिळून लिहायची साइट काढलीय आणि सूचना ढिगानं येतायत म्हणता, तर नवीन फीचर राहू द्या, आधी लिहिताना लोक जिथं अडकतात तेवढंच दुरुस्त करा. नवी पेठेतल्या पाच जणांना त्यांच्याच फोनवर लिहायला सांगा आणि तुम्ही गप बसून बघा, मधेच कॉल आला न् अर्धा लेख उडाला की माणूस परत फिरकत नाही, पण सूचनेत मात्र तो रंग बदला एवढंच लिहितो. वेबसाइट वापरायला सोपी आहे का याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००० सालीच मांडलंय की अशा पाच जणांना बघितलं की वापरातल्या साधारण ८५ टक्के अडचणी कळतात. फक्त हे एकाच प्रकारच्या लोकांपुरतं, त्यामुळं पूर्व भागातले घरी तेलुगू बोलणारे, मराठी टाइप करायची सवय नसलेले असे तीन-चार जण वेगळे बसवाच.