माझेच कपकेक का बसतात?

प्रश्न : मॅडम, मी कलिनरी आर्ट्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या एका सत्रात मी ओल्या फडक्याने गरम ट्रे उचलून हात भाजून घेतला, कस्टर्डमध्ये साखरेऐवजी मीठ घातलं, भरलेलं भांडं घेऊन वळताना मागच्या मुलाला धडकले आणि प्रॅक्टिकल परीक्षेत माझे चॉकलेट कपकेक सपशेल फसले. बसके, जवळजवळ काळे आणि चव साबणासारखी! हेच कपकेक मी शाळेत असल्यापासून घरी करते आणि ते नेहमी छान फुलतात. परीक्षेतही घरचीच रेसिपी वापरली होती : मैदा, साखर, कोको, तेल, अंडी, दूध आणि खाण्याचा सोडा. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, “तुझं लक्ष असतं कुठे?” बाबा म्हणतात, “तू वेंधळी आहेस, वेळेत कोर्स बदल.” मैत्रिणी म्हणतात, कोर्स सोडून घरूनच कपकेकच्या ऑर्डर घे. मी काय करू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : तू कोर्स सोडावास असं मला वाटत नाही, निदान आत्ता तरी नाही. पण ते नंतर. आधी कपकेककडे वळू, कारण ‘काळे’ आणि ‘साबणासारखी चव’ असं तू नेमकं लिहिलं आहेस आणि त्यातच बरंचसं उत्तर आहे.

नुसत्या सोड्यावर केक फुलायचा तर मिश्रणात काहीतरी आंबट लागतं. तुझ्या रेसिपीत ताक नाही, दही नाही, व्हिनेगर नाही. मग घरी केक फुलतो कशाने? कोकोने. साधी कोको पावडर मुळात आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण ५ ते ६ (७ च्या खाली म्हणजे आंबट). सोडा तिच्याशी भिडतो, वायू सुटतो, केक वर येतो. व्यावसायिक स्वयंपाकघरात मात्र बऱ्याचदा ‘डच प्रोसेस’ कोको असतो. त्यावर अल्कलीची प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे रंग गडद होतो, चव सौम्य होते आणि पीएच ७ ते ८ पर्यंत जातो. म्हणजे आंबटपणा गेला. मग सोड्याला जोडीदारच उरत नाही. केक धड फुलत नाही, शिल्लक सोडा साबणासारखा जिभेला लागतो आणि रंग आणखी काळवंडतो. तुझ्या परीक्षेत हेच झालं असावं.

खात्री करून घ्यायला पाच मिनिटं पुरतात. दोन पेल्यांत एकेक चमचा कोको घे, एकात घरचा आणि दुसऱ्यात संस्थेतला. दोन्हींत थोडं गरम पाणी घालून ढवळ आणि वर चिमूटभर सोडा टाक. घरचा कोको फसफसून वर येईल, दुसरा जवळपास ढिम्म राहील. तसं झालं तर त्या कोकोसाठी सोड्याऐवजी बेकिंग पावडर घ्यायची, साधारण तिप्पट. किंवा सोडा ठेवून दुधाच्या जागी ताक वापरायचं. आणि हा प्रयोग सरांसमोर कर. “सर, माझं लक्ष होतं” असं सांगण्यापेक्षा हे दोन पेले त्यांच्यापुढे ठेवलेले बरे.

म्हणजे तुझी काहीच चूक नाही असं मात्र समजू नकोस. परक्या स्वयंपाकघरात, परक्या ओव्हनमध्ये घरची रेसिपी चाचणीशिवाय थेट परीक्षेला नेणं हे धाडस झालं. संस्थेतला ओव्हन पंख्याचा असेल तर घरी १८० अंशांवर होणारा केक तिथे १६० वर ठेवायला हवा होता. नाहीतर कपकेक वरून लवकर धरतो, मधोमध डोंगर होऊन फुटतो आणि आत ओलसर राहतो. हे कुणी तुला सांगितलं नसेल, पण तूही विचारलं नाहीस.

बाकीचे घोळ बघू. ओल्या फडक्याचा प्रकार पहिल्या-दुसऱ्या वर्षाला फार होतो. कोरड्या कापडात हवा असते, ती उष्णता अडवते. ओल्या कापडातलं पाणी मात्र ती झटक्यात हाताशी आणतं आणि वर त्याची वाफ होते. फडकं ओलं असेल तर ते ट्रेला लावायचंच नाही, कितीही घाई असो. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली हात धरायचा, बर्फ लावायचा नाही. मिठाच्या बाबतीत मी तुला निम्मीच दोषी धरेन. एकसारखे दोन डबे लेबलाशिवाय शेजारीशेजारी ठेवणाऱ्याला उरलेले निम्मे गुण! पण डबा कुणीही ठेवलेला असो, घालण्याआधी कणभर जिभेवर ठेवायची सवय तुझी तुलाच लावावी लागेल.

धडकेबद्दल एक विचारते. भरलेलं भांडं घेऊन निघताना तू “मागे आहे”, “गरम आहे” असं मोठ्याने ओरडतेस का? पत्राच्या सुरावरून वाटतं, नसशील. हळू बोलणाऱ्या, भिडस्त मुलामुलींना किचनमध्ये हेच सगळ्यात जड जातं. भाज्या उत्तम कापतील, सॉस जमवतील, पण आवाज निघत नाही. मग धक्के बसतात आणि शिक्का मात्र वेंधळेपणाचा बसतो. थोडे दिवस अतीच वाटेल इतक्या मोठ्याने ओरड. कुणी हसलं तर हसू दे.

मला काळजी वाटेल ती वेगळ्या गोष्टीची. कारण कळल्यावरही तोच घोळ पुन्हा होत असेल तर. त्यासाठी एक छोटी वही कर. काय झालं, किती वाजता, आदल्या रात्री झोप किती झाली होती, आणि त्या क्षणी कुणी घाई करत होतं का, एवढंच लिही. बहुतेक घोळ कामाच्या शिफ्टच्या शेवटच्या तासात होत असतील तर प्रश्न थकव्याचा आहे. एकाच माणसासमोर होत असतील तर प्रश्न दडपणाचा आहे, आणि नवं यंत्र हाताळताना होत असतील तर सरावाचा. आणि वस्तू हरवणं, अर्ध्या सूचना निसटणं, सुरू केलेलं काम अर्धवट राहणं हे लहानपणापासून, किचनबाहेरही चालत आलं असेल, तर एकदा डॉक्टरांशी बोल. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता मैत्रिणींचा सल्ला. मला तो पटत नाही. घरी डझनभर कपकेक छान होणं आणि ऑर्डरवर दर वेळी तसेच होणं यात मोठं अंतर आहे. घरच्यांना एखादा कपकेक वाकडा निघाला तरी चालतो, पैसे देणाऱ्याला चालत नाही. पुढच्या सुट्टीत एक कर. एकच रेसिपी लागोपाठ चार-पाच वेळा कर, आणि कपाने मोजू नकोस. एक कप मैदा कसा भरला यावर १२० ग्रॅमही भरतो आणि १५० ग्रॅमही, तेव्हा सगळं काट्यावर घे. साच्यात मिश्रण ओततानाही प्रत्येकाचं वजन सारखं ठेव आणि साचा दोन तृतीयांशाच्या वर भरू नकोस. गार झाल्यावर ट्रेच्या कोपऱ्यातला एक आणि मधला एक कपकेक उभा काप. आतली जाळी सारखी आहे का? एकात लांबट बोगदे दिसतात का? दिसले तर मैदा घातल्यावर जास्त फेटलं गेलंय. एका बाजूलाच फुगलाय? ओव्हन सगळीकडे सारखा तापत नाही. दर खेपेला एकच गोष्ट बदल आणि लिहून ठेव.

तिसऱ्या ट्रेपर्यंत तुला कंटाळा आला तर ऑर्डरचा विचार सोडून दे, कारण तो धंदा म्हणजे तीच ट्रे पुन्हा पुन्हा. पण कोपऱ्यातला कपकेक असा का झाला हे शोधण्यात जेवायचं विसरलीस, तर तू पेस्ट्री विभागाची आहेस. गरम स्वयंपाकाच्या लाइनवर ऑर्डर एकदम येतात, चार गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या असतात आणि निर्णय सेकंदांत घ्यावा लागतो. पेस्ट्रीत पहाटे उठावं लागतं, पण काम आधी आखलेलं असतं, वजनं ठरलेली असतात, तापमान बघून चालायचं असतं. घाईत गांगरणाऱ्या पण बारकावे टिपणाऱ्या मुलीला हे जास्त मानवतं. तेव्हा इंटर्नशिप पेस्ट्रीतच माग. सुरुवात तिथेही ‘कॉमी’ म्हणजे सगळ्यात कनिष्ठ शेफ म्हणूनच होईल, ट्रे घासण्यापासून. पुढे पेस्ट्री शेफ होता येतं, मोठ्या बेकरीत उत्पादन सांभाळता येतं, किंवा फूड सायन्सचं शिक्षण जोडलंस तर खाद्यकंपन्यांत नवीन उत्पादनं विकसित करण्याचं काम मिळतं. तुझ्या कपकेकचं जे कोडं आपण आत्ता सोडवलं, तसलीच कोडी तिथे रोज सोडवायची असतात.

बाबांशी वाद घालू नकोस. त्यांनी भाजलेला हात पाहिलाय, ‘वेंधळी’ हा शब्द त्या काळजीतून आला असणार. इंटर्नशिप संपेपर्यंतची मुदत माग आणि दर महिन्याला वही त्यांना दाखव. नोंदी कमी होत गेल्या तर त्यांना वेगळं काही सांगावं लागणार नाही. कमी झाल्या नाहीत, तर कोर्स बदलायचा की नाही हे तेव्हा दोघं मिळून ठरवा, आणि मला पुन्हा लिही.

ता. क. : तू डावखुरी आहेस का? असशील तर हे आधी सांगायला हवं होतंस. किचनची बहुतेक मांडणी उजव्या हाताची असते, आणि दातेरी सुऱ्यांची धार अनेकदा एकाच बाजूने काढलेली असते, त्यामुळे डाव्या हातात सुरी तिरकी जाते. अशा वेळी जागा बदलून मागायची असते, सुरी आपली न्यायची असते.