फ्लॉवरची भाजी दर वेळी गिळगिळीत होते आणि वास येतो. काय चुकतं? फ्लॉवर आणखी कसकसा करता येईल?

झाकण चुकतं. ताटलीत पाणी ठेवून वाफ काढायची सवय आपल्या हाताला इतकी बसली आहे की गवार, फरसबी, फ्लॉवर सगळ्यांना एकच न्याय. गवारीला तो मानवतो. फ्लॉवरमध्ये मुळात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. झाकलं की तुरे स्वतःच्याच पाण्यात उकडतात. वासही जास्त शिजवल्यानेच येतो, कारण जितका वेळ शिजेल तितके गंधकाचे वास सुटतात आणि झाकणाखाली कोंडतात. हिंग वाढवून तो जात नाही.

अर्धा किलो फ्लॉवरचे दीड इंचाचे तुरे काढा. अळ्यांसाठी कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, निथळा आणि देठ वर, फूल खाली असे कापडावर अर्धा तास पसरा. ही पायरी सगळेच गाळतात. फुलाच्या बारीक कळ्यांमध्ये पाणी अडकून राहतं आणि ओला तुरा तेलात पडला की परतला न जाता वाफवतो.

लोखंडी कढईत दोन टेबलस्पून तेल चांगलं तापवा. तुरे दोन घाण्यांत, एका थरात टाका आणि तीन मिनिटं उलथनं लावूच नका. खालची बाजू बदामी झाली, कडा काळपट झाल्या की उलटा, आणखी तीन मिनिटं. काढून ठेवा. त्याच कढईत गरज पडली तर थोडं तेल, मग मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, दोन मिरच्या, पाव चमचा हळद. तुरे परत घालून मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं परता. मीठ अगदी शेवटी. आधी घातलं की पाणी सुटतं आणि सगळी मेहनत वाया. तुऱ्याचा देठ सुरीने टोचून बघा: सुरी आत जावी, पण किंचित अडावी.

‘झाकलं नाही तर कच्चा राहतो’ असं म्हणणाऱ्यांचे तुरे मोठे असतात, एवढंच. मधला जाड दांडा टाकू नका. सोलून पातळ कापा आणि तुऱ्यांच्या दोन मिनिटं आधी कढईत घाला. कोवळ्या पाल्याची पीठ पेरून भाजी उत्तम होते.

रश्श्यात आधी बटाटा शिजवा. गोडा मसाला, दाण्याचं कूट आणि उकळतं पाणी घातल्यावर शेवटची पाच मिनिटं परतलेले तुरे सोडा. कुकरची एक शिट्टीसुद्धा फ्लॉवरला जास्त होते. भज्यांसाठी तुरे उकळत्या मिठाच्या पाण्यात फक्त दोन मिनिटं, मग पूर्ण कोरडे. एक वाटी बेसनाला दोन चमचे तांदळाचं पीठ. ओव्हन असेल तर नुसत्या तुऱ्यांना तेल चोळून 220 अंश सेल्सिअसवर वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये एकदा उलटा.

हे सगळं थंडीतल्या घट्ट, पांढऱ्या गड्ड्याचं. उन्हाळ्यातला विरळ, जाड देठाचा फ्लॉवर असेल तर परतून झाल्यावर तीन मिनिटं झाकलं तरी चालेल, पण ताटलीत पाणी ठेवू नका. आणि नॉनस्टिक इतक्या मोठ्या आचेवर वापरू नका. लोखंडी नसेल तर जाड बुडाची स्टीलची कढई घ्या.