वाचकांचे प्रश्न : ग्रहाच्या पृष्ठभागावर वाट शोधताना

प्रश्न : अंतराळयान चालवण्याचा एक खेळ मी वर्षभर खेळत आहे. यानाच्या पटलावर अक्षांश, रेखांश, उंची आणि हेडिंग (यानाच्या नाकाची दिशा, उत्तरेपासून अंशांत) हे चारही आकडे दिसतात. मात्र एखाद्या जागेचे अक्षांश-रेखांश यानाला सांगण्याची कोणतीही सोय नाही. अलीकडे एका सहखेळाडूने १००० किलोमीटर त्रिज्येच्या एका उपग्रहावर पडलेल्या यानाचे अवशेष असल्याचे कळवून त्या जागेचे आकडे पाठवले. मी ६० अंश उत्तर अक्षांशावर आणि २० अंश पूर्व रेखांशावर होतो. ती जागाही ६० अंश उत्तर अक्षांशावरच, पण ४० अंश पूर्व रेखांशावर होती. म्हणून हेडिंग ९० धरले आणि नाक जराही न वळवता सरळ गेलो. तरीही अक्षांश घटत गेला, मी बराच दक्षिणेला पोहोचलो आणि दोन तास शोधूनही काही हाती लागले नाही. माझे काय चुकले?

उत्तर : तुम्ही सरळ गेलात, हेच चुकले. हेडिंग ९० म्हणजे पूर्व हे खरे, परंतु पूर्व ही दिशा तुम्ही ज्या बिंदूवर आहात त्या बिंदूपुरतीच असते. सरळ उडणारे यान बृहद्वृत्तावरून, म्हणजे ज्याचा मध्य ग्रहाच्या केंद्रातच असतो अशा वर्तुळावरून जाते, आणि विषुववृत्त सोडले तर कोणतेही अक्षवृत्त बृहद्वृत्त नसते. ६० अंशांच्या अक्षवृत्तावर टिकून राहायचे तर यान सतत थोडे थोडे उत्तरेकडे वळवत राहावे लागते. तुम्ही ते वळवले नाही, त्यामुळे सुमारे १७४ किलोमीटर कापल्यावर तुम्ही ५८.५ अंशांच्या आसपास, म्हणजे ठिकाणापासून सुमारे २६ किलोमीटर दूर होतात. इतक्या अंतरावरून अवशेष दिसणे शक्यच नव्हते.

योग्य हेडिंग सुरुवातीला सुमारे ८१ होते. त्या दिशेने निघून सरळ गेला असतात, तर अर्ध्या वाटेवर तुम्ही ६०.४ अंशांपर्यंत वर चढला असतात, तिथे पटलावर ९० दिसले असते, आणि पोहोचताना हाच आकडा सुमारे ९९ झाला असता. यान एकदाही न वळवता हेडिंग १८ अंशांनी बदलते, ही गोष्ट प्रथम पाहणाऱ्याला यंत्राचा बिघाड वाटते. प्रत्यक्षात यंत्र त्या वेळी अगदी बरोबर आकडा दाखवत असते.

हा ८१ काढण्यासाठी मोठे सूत्र लागत नाही. दोन रेखांशांतील फरकाची निम्मी घ्यावी आणि तिला सरासरी अक्षांशाच्या साइनने गुणावे. तुमच्या बाबतीत १० गुणिले ०.८६६, म्हणजे सुमारे ८.७ अंश. उत्तर गोलार्धात साध्या हिशोबाने आलेली दिशा (तुमच्या बाबतीत ९०) एवढ्या अंशांनी उत्तरेकडे झुकवायची, दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडे. दोन्ही जागांचे अक्षांशही वेगळे असतील, तर साधी दिशा काढताना रेखांशांतील फरकाला आधी सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने गुणून घ्यावे, कारण ६० अंशांवर रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावरील अंशाच्या निम्माच असतो: तुमच्या उपग्रहावर विषुववृत्ताशी १७.५ किलोमीटर, तर तिथे ८.७ किलोमीटर. अंतर तीसएक अंशांपेक्षा जास्त असेल किंवा जागा ध्रुवाजवळ असेल, तर ही रीत वापरू नये. तिथे गोलीय त्रिकोणमितीचे पूर्ण सूत्रच हवे. शिवाय अर्धी वाट संपल्यावर नव्या जागेवरून एकदा पुन्हा हिशोब करावा, म्हणजे आधीची लहानसहान चूक पुढे वाढत नाही.

हिशोब नकोसा वाटत असेल, तर समुद्रावर रेखांश मोजण्याचे खात्रीचे साधन हाती येण्यापूर्वी खलाशी जे करत ते करता येईल. ते आधी इच्छित अक्षांश गाठत आणि मग तो अक्षांश न सोडता पूर्वेला किंवा पश्चिमेला जात राहत. वाट लांब पडते, दुसऱ्या टप्प्यात अक्षांशाच्या आकड्यावरून नजर हलवता येत नाही, पण ठिकाण चुकत नाही.

पोहोचल्यावर लगेच काही दिसले नाही तर धीर सोडू नये. सहखेळाडूने आकडे दशांशाच्या दोनच स्थळांपर्यंत दिले असतील, तर त्या उपग्रहावर ०.०१ अंश म्हणजे सुमारे १७५ मीटर होतात, त्यामुळे जागेच्या आजूबाजूला तेवढा परिसर फिरून पाहायलाच हवा. सूर्य क्षितिजाजवळ असताना शोध घ्यावा, कारण तेव्हा लहान वस्तूचीही सावली लांब पडते आणि ती वस्तूच्या आधी डोळ्यांत भरते. आलेला रेखांश कोणत्या पद्धतीने लिहिला आहे हेही तपासावे: काही जण ० ते ३६० असा मोजतात, काही पटले उणे १८० ते अधिक १८० असा दाखवतात, आणि २४५ व उणे ११५ ही एकाच जागेची दोन नावे आहेत.

आता खेळाच्या रचनेबद्दल, कारण जागेचे आकडे यानाला सांगता येत नाहीत ही तुमची तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते. अपोलो ११ हे यान १९६९ च्या जुलैमध्ये चंद्रावर नियोजित जागेच्या सुमारे ६ किलोमीटर पुढे उतरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अपोलो १२ ला सर्व्हेयर ३ या आधीच उतरलेल्या यानाजवळ उतरायचे होते. उतरत्या यानाच्या रेडिओ संकेतांतील डॉप्लर बदलांवरून, म्हणजे यानाच्या वेगामुळे संकेतांच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून, यान ठरलेल्या वाटेपासून किती चुकले आहे हे पृथ्वीवरच्या तंत्रज्ञांनी मोजले, एक आकडा यानाला कळवला, आणि अंतराळवीरांनी तो संगणकात भरून उतरण्याची जागाच तेवढी सरकवली. ते यान सर्व्हेयरपासून सुमारे १६० मीटरवर उतरले. आजच्या कोणत्याही फोनपेक्षा कितीतरी दुबळ्या असलेल्या त्या संगणकाला उतरण्याची जागा आकड्यांनी सांगता येत होती. मग दूरच्या ताऱ्यांपर्यंत जाणाऱ्या काल्पनिक यानाला ती सांगता येऊ नये, याला वास्तवाशी प्रामाणिक राहणे म्हणता येणार नाही. स्वतः दिशा काढण्यात आनंद आहे आणि तो खेळाडूकडून हिरावून घेऊ नये, हे मलाही मान्य आहे. परंतु जागेची खूण नोंदवून ठेवण्याची सोय दिल्याने तो आनंद कमी होत नाही. निर्मात्यांना लिहिताना आपोआप घेऊन जाणारी यंत्रणा मागण्यापेक्षा एवढी एकच सोय मागावी, असे मी सुचवेन.

प्रश्न : ज्या खेळात ठिकाणाची खूण पटलावर मिळते, तिथेही मला अडचण येते. खूण नेहमी जमिनीच्या आत कुठेतरी दिसते. तिच्याकडे नाक वळवले तर यान जमिनीवर आदळते, आणि तिच्यासमोर लिहिलेले अंतरही प्रवासाशी जुळत नाही. हे अंतर मानायचे तरी कसे?

उत्तर : ते अंतर ग्रहाच्या आरपार मोजलेले असते. समजा, ३०० किलोमीटर त्रिज्येच्या उपग्रहावर तुमचे ठिकाण अगदी विरुद्ध बाजूला आहे: पटल ६०० किलोमीटर दाखवेल, पण पृष्ठभागावरून तुम्हाला ९४२ किलोमीटर जावे लागेल. ठिकाण जवळ येत जाते तशी ही तफावत मिटत जाते.

मात्र जमिनीत दिसणारी ती खूण निरुपयोगी नाही. तुम्ही पृष्ठभागाजवळ असाल, तर खूण क्षितिजाच्या जितके अंश खाली दिसते त्याच्या बरोबर दुप्पट अंशांची वाट उरलेली असते. खूण १५ अंश खाली असेल, तर ३० अंश जायचे आहे. त्या उपग्रहावर एक अंश ५.२ किलोमीटरचा, म्हणून साधारण १५७ किलोमीटर. दिशा मात्र खुणेची नव्हे, खुणेच्या थेट वर क्षितिजावर येणाऱ्या बिंदूची धरावी आणि नाक तिथेच ठेवावे. ठिकाण दिसू लागण्यासाठी उंचीही लागते. त्या उपग्रहावर दोन मीटर उंचीवरून क्षितिज जेमतेम १.१ किलोमीटरवर असते, तर एक किलोमीटर उंचीवरून साडेचोवीस किलोमीटरवर. म्हणून शेवटच्या टप्प्यापर्यंत खाली येण्याची घाई करू नये.

प्रश्न : मंगळासारख्या ग्रहावर कक्षेतून उतरताना वेगाचा आकडा एकाएकी बदलतो. असे का होते?

उत्तर : पटल कक्षेतील वेग दाखवता दाखवता जमिनीच्या सापेक्ष वेगाकडे वळते. मंगळाचा पृष्ठभाग विषुववृत्तावर सेकंदाला सुमारे २४० मीटर वेगाने पूर्वेकडे सरकतो, त्यामुळे पूर्वेकडे जात असताना तेवढी घट एका क्षणात दिसते. चंद्रावर हाच वेग सेकंदाला पाच मीटरांहूनही कमी असल्याने तिथे हा बदल जाणवत नाही. पटल आपोआप बदलण्याची वाट न पाहता उतरण्यास सुरुवात करण्यापूर्वीच ते हाताने जमिनीच्या वेगावर आणून ठेवावे. तसेच ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत असाल आणि एका फेरीला दोन तास लागत असतील, तर तेवढ्या वेळात मंगळ सुमारे २९ अंश फिरलेला असतो. मागच्या फेरीत यानाच्या थेट खाली असलेली जागा पुढच्या फेरीत तितकीच पूर्वेला गेलेली असेल. ती अजून पश्चिमेला असतानाच उतरण्याची फेरी ठरवावी.