प्रार्थना करूनही घबराट जात नसेल, तर ख्रिस्ती माणसाने मनाच्या डॉक्टरकडे जावं का?

तुम्ही लिहिलंय की गेले काही महिने छाती धडधडते, झोप लागत नाही, काहीतरी वाईट होणार असं सारखं वाटतं. घरचे म्हणतात प्रार्थना वाढव, आणि प्रार्थनेला बसलं की घबराट उलट वाढते. डॉक्टरकडे गेलं तर तो देवावरचा अविश्वास ठरेल का, हा तुमचा प्रश्न.

नाही ठरणार. डॉक्टरकडे जा आणि प्रार्थनाही सोडू नका. मी दोन्ही केलंय, आजही करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही इंदूरचे, मीही इंदूरचीच. घरात मराठी आणि रविवारची उपासना हिंदीत, अशा कुटुंबातली. त्रास सुरू झाला तेव्हा मध्यरात्री दचकून जाग यायची, हातपाय गार पडायचे आणि आता हार्ट अटॅकच येतोय असं वाटायचं. ईसीजी नॉर्मल निघाला. तेव्हा मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं, "विश्वास कमी पडतोय." आजारापेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं. त्यानंतर प्रत्येक प्रार्थनेची परीक्षाच झाली. आमेन म्हटलं की लगेच छातीवर हात ठेवायचा, धडधड थांबली का बघायचं. नाही थांबली? म्हणजे देवाने ऐकलं नाही, म्हणजे माझ्यातच काही खोट आहे, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आपल्याच ठोक्यांवर असा पहारा ठेवला की ते आणखी जोरात जाणवतात आणि भीती वाढत जाते. तुमच्या बाबतीतही बहुधा हेच होत असावं.

प्रार्थना मनासारखी झाली नाही म्हणून तेच तेच शब्द पुन्हा म्हणावे लागत असतील, किंवा एकच पाप पुन्हा पुन्हा कबूल करावंसं वाटत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. तो ओसीडीचाही, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचाही, प्रकार असू शकतो. त्याला चांगले उपचार आहेत, आणि प्रार्थनेचे तास वाढवणं हा त्यातला उपचार नाही. लोयोलाचे संत इग्नेशियस १५२२ साली स्पेनमधल्या मानरेसा गावी होते तेव्हा कबूल केलेली पापं पुन्हा आठवून, पुन्हा कबूल करून इतके बेजार झाले होते की जीव द्यावा असं त्यांच्या मनात येई. पुढे कितीतरी लोक त्यांच्याकडून प्रार्थना करायला शिकले. त्यांच्या विश्वासाला कुणी कमी म्हणत नाही.

आता 'कशाविषयीही चिंता करू नका' या वचनाबद्दल. फिलिप्पैकरांस पत्रातलं हे वचन तुमच्या तोंडावर कितीदा फेकलं गेलं असेल याची मला कल्पना आहे. प्रेषित पौलाने ते कैदेत असताना लिहिलं. आणि हाच पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ११व्या अध्यायात सांगतो की सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज माझ्यावर असते. म्हणजे काळजी वाटणं हा गुन्हा आहे असं त्याला म्हणायचं नव्हतं. काळजी आली की ती कुणाकडे न्यायची, ते तो सांगत होता. त्या वचनाचा उत्तरार्ध, 'आपली मागणी देवाला कळवा', लोक गाळतात याचा मला खरंच राग येतो.

मला वाट सापडली ती स्तोत्रांत. ४२वं स्तोत्र काढा. "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? तू आतल्या आत का तळमळत आहेस?" असं तो गाणारा स्वतःलाच विचारतो आणि देवाची आशा धर म्हणतो. पुढच्या ओळींत पुन्हा रडगाणं, पुन्हा तोच प्रश्न. ४३व्या स्तोत्राच्या शेवटी तिसऱ्यांदा तोच. एकदा म्हणून त्याचंही मन शांत झालं नव्हतं, तरी ते पवित्र शास्त्रात आलं. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा म्हणून एक ओळ नाही. माझी अवस्था वाईट असायची तेव्हा हेच स्तोत्र मी ओळीखाली बोट धरून, पुटपुटत वाचायची. त्या वेळी स्वतःचे शब्द सुचत नाहीत, दुसऱ्याचे तयार असले की बरं पडतं. वाचून झाल्यावर धडधड गेली का, हे बघणं मात्र ठरवून सोडलं. शांती कधी लगेच आली, कधी आलीच नाही. पण देवाशी बोलायची भीती गेली, आणि माझ्यासाठी ते आधी होणं गरजेचं होतं.

एलीया संदेष्ट्याची गोष्टही नव्याने वाचा, पहिले राजे, अध्याय १९. तो झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, तो खाऊन झोपतो, पुन्हा उठवून पुन्हा खायला देतो. आमच्या मंडळीतली एक मावशी अशीच यायची. भर दुपारी डबा घेऊन, मऊ मुगाची खिचडी आणि वर तूप. मी दोन घास खाईपर्यंत समोर बसायची, काही विचारायची नाही. जाताना माझा हात धरून चार वाक्यांची प्रार्थना, संपलं. तुमच्याकडे असं कुणी असेल तर त्यांना बोलवा. प्रार्थनासभेत सगळ्यांसमोर उभं राहून आपलं दुखणं सांगायची काही गरज नाही.

रात्री घबराटीचा अटॅक आला तर लांब प्रार्थना करूच नका. मी श्वास आत घेताना 'प्रभू येशू' आणि हळूहळू सोडताना 'दया कर' म्हणते. पूर्वेकडच्या मंडळ्यांमध्ये अशी प्रार्थना शतकानुशतकं चालत आली आहे. श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोकेही मंदावतात, ही शरीराचीच रचना आहे, आणि शरीरही देवानेच घडवलंय. घबराटीचा जोर साधारण १० मिनिटांत शिगेला पोचून ओसरायला लागतो, हे माहीत असलं तरी धीर येतो.

डॉक्टरांचं म्हणाल तर आपल्याकडे मनाचा डॉक्टर म्हटलं की लोकांना एकदम बाणगंगेचा मनोरुग्णांचा दवाखाना आठवतो आणि कुजबूज सुरू होते. तिकडे लक्ष देऊ नका. एमवायच्या, म्हणजे इंदूरच्या सरकारी महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या, मनोविकार विभागात दाखवता येतं, खासगी डॉक्टरही आहेत. आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, धडधड त्यामुळेही होते. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. चौथ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका. आणि बरं वाटायला लागल्यावर कुणी मंडळीत आपल्या विश्वासाची साक्ष देताना 'मी गोळ्या फेकून दिल्या' असं सांगितलं, तरी तुम्ही आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. पौलाच्या सोबत लूक होता, आणि लूक वैद्य होता.

जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत, हिंदीत आणि मराठीतही बोलता येतं. घरातल्या एकाला तरी आजच हे सांगून ठेवा, आणि डॉक्टरकडे पहिल्यांदा जाताना त्यांनाच सोबत न्या.